सत्तावीस नंबरचं नाव

आमच्या नॉर्डालचा स्टेशनमास्तर एम्ब्रिक स्टेन्सरुड एकट्यादुकट्याशी बोलायला लागला की जेमतेम ऐकू यायचा, आणि हजार माणसांसमोर उभा केला की त्याचा आवाज गावाबाहेरच्या धान्यकोठारावर आपटून परत यायचा. एवढा आवाज त्या काडीपैलवानाच्या नरड्यात मावतो कसा, याचं गावाला कायम नवल. आठवडाभर तो गाड्या पुकारायचा, तारा घ्यायचा, तारा पोचवायचा. सप्टेंबर उजाडला की दर शनिवारी कॉलेजच्या फुटबॉल मैदानावरच्या लाकडी माचाणावर चढायचा आणि लाउडस्पीकरवरून सामना सांगायचा. आमचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू पोटाशी धरून पळायचा खेळ. चेंडू कुणी नेला, कुणी अडवला, किती यार्ड मिळाले, बस्स. कोण चांगला खेळला आणि कोणी माती खाल्ली, याबद्दल त्याच्या तोंडून अवाक्षर निघत नसे.

"ते लोकांना दिसतं की," तो म्हणायचा. "नाव दिसत नाही. त्यासाठी मी आहे."

नावाच्या बाबतीत मात्र हा मऊ माणूस हट्टाला पेटायचा. त्याला कारण होतं. लहानपणी शाळेत शहरातून एक बाई शिकवायला आल्या. त्यांना 'एम्ब्रिक' म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याचं 'ब्रिक' करून टाकलं. ब्रिक म्हणजे वीट. पुढची आठ वर्षं पोरांनी त्याला 'ए विटे' म्हणूनच हाक मारली. तो राग त्यानं कधी बोलून दाखवला नाही, पण दरवर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी तो वही घेऊन मैदानावर हजर व्हायचा आणि एकेका पोराला बाजूला घेऊन विचारायचा, "घरी आई कशी हाक मारते? अगदी तसंच सांग. लाजू नकोस." पोरगा सांगेल तसं तो लिहून घ्यायचा आणि त्याच्यासमोर तीनदा म्हणून दाखवायचा. पोरं हसायची. पण शनिवारी कर्ण्यातून स्वतःचं नाव ठाकठीक ऐकलं की त्यांची छाती फुगायची, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

एकोणीसशे बेचाळीसच्या हंगामात सत्तावीस नंबरचा शर्ट अर्लिंग टॉलेफसनच्या अंगावर होता. गुन्हिल्ड टॉलेफसन या विधवा बाईचा एकुलता एक. त्यांचं घर मैदानाच्या पूर्वेकडच्या कुंपणाला लागून, इतकं लागून की गुन्हिल्डच्या दोरीवरचे कपडे माचाणावरून मोजता यावेत. सामन्याला ती तिसऱ्या रांगेत, एकाच जागी बसायची. अर्लिंग पळताना डावा खांदा खाली टाकायचा, दारातून आत घुसणाऱ्या माणसासारखा. त्या वर्षी नोव्हेंबरात शेवटचा सामना झाला तेव्हा अर्ध्या संघाच्या खिशात लष्कराची पत्रं होती. डिसेंबरात एम्ब्रिकनंच पुकारलेल्या गाडीनं अर्लिंग गेला.

त्रेचाळीसच्या ऑगस्टमध्ये तार आली. एम्ब्रिकनं ती स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. पहिल्या तीन शब्दांतच पुढचं काय ते कळलं, तरी हात लिहीत राहिला. सिसिलीच्या लढाईत अर्लिंग पडला होता.

तार खिशात घालून एम्ब्रिक गुन्हिल्डच्या फाटकापर्यंत गेला, पुढे निघून गेला, परत आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीच ओरडली, "अरे एम्ब्रिक, रस्ता मोजतोयस का? आत ये. कॉफी टाकलीय."

तो आत गेला. टोपी काढली आणि सांगितलं. पण इतक्या हळू की तिला विचारावं लागलं, "काय?" त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, "काय म्हणालास?" तेव्हा त्यानं तार टेबलावर ठेवली आणि उतू गेलेली कॉफी पुसत बसला.

प्रेत परत आलं नाही. पाद्री दोनदा येऊन गेले, स्मरणाची प्रार्थना ठेवूया म्हणाले. गुन्हिल्ड म्हणाली, "कुणाच्या? समोर कोण आहे?" विषय तिथंच थांबला.

कॉलेजात तोवर मुलं उरली नव्हती. जी होती ती नौदलानं पाठवलेली. कुठून कुठून आलेली दोनशे पोरं, गणवेशात, सकाळी कवायत, दुपारी गणित, संध्याकाळी पुन्हा कवायत. त्यांच्यातूनच संघ उभा केला. नवे शर्ट युद्धात कुठून मिळणार? जुने धुऊन, रफू करून वाटले. कवायतीमुळे सरावाला वेळ मिळेना आणि एम्ब्रिकला मैदानावर एकही पोरगा निवांत सापडेना. पहिल्या शनिवारी सामन्याला दहा मिनिटं असताना एका अधिकाऱ्यानं टाइप केलेली यादी त्याच्या हातात कोंबली. सत्तावीस नंबरसमोर नाव होतं, लुमीर कुसेरा. एम्ब्रिकनं मनातल्या मनात ते वाचलं, सोमवारी पोराला विचारून घेऊ म्हणून ठरवलं, आणि माइक पुढे ओढला.

दुसऱ्याच डावात सत्तावीस नंबरनं चेंडू पोटाशी धरला आणि डावा खांदा खाली टाकून पळाला.

एम्ब्रिकचे डोळे मैदानावर होते, यादीवर नव्हते. तोंड सवयीनं उघडलं. "चेंडू नेणारा नंबर सत्तावीस, अर्लिंग टॉलेफसन! सात यार्ड!"

धान्यकोठारानं ते नाव जसंच्या तसं परत केलं. बाकांवरचा गलका चिरून टाकल्यासारखा थांबला. बँडवाल्यांनी तोंडाला लावलेली शिंगं खाली घेतली. तिसऱ्या रांगेत गुन्हिल्ड उठून उभी राहिली. कोटाची बटणं सारखी केली, मैदानाकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसली. एम्ब्रिकनं त्यानंतर त्या दिवशी सत्तावीस नंबरचं नावच घेतलं नाही, नुसता आकडा सांगितला.

सोमवारी गुन्हिल्ड स्टेशनवर आली. तो खिडकीमागे उभा राहिला, शिव्या खायच्या तयारीनं.

"त्या दिवशी घरी येऊन सांगितलंस," ती म्हणाली, "तेव्हा इतकं हळू बोललास की मला दोनदा विचारावं लागलं. मला अजून वाटतं मी चुकीचं ऐकलं. परवा मात्र नीट ऐकू आलं."

"गुन्हिल्ड, माझी जीभ घसरली. देवाशपथ."

"घसरू दे की. अजून तीन शनिवार आहेत घरच्या मैदानावर. तिन्ही शनिवारी घसरू दे."

"तो पोरगा वेगळाच आहे गं."

"मला दिसतंय ना. मी वेडी झालेली नाही, एम्ब्रिक. अर्लिंगचे कान याच्याहून मोठे होते." मग तिनं खिडकीच्या कठड्यावर बोटं घट्ट धरली. "त्याला पुरायला माझ्याकडे काही नाही. नाव तेवढं आहे. तेही कुणी मोठ्यानं घेत नाही. बाजारात मी आले की लोक बोलायचं थांबतात. तू तीनदा घे. मग मी नाही काही मागणार."

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर एम्ब्रिकनं साफ नाही म्हटलं असतं. पण तार नेऊन देणारा तोच होता.

त्या संध्याकाळी कवायत सुटल्यावर त्यानं त्या पोराला मैदानाच्या फाटकावर गाठलं. सांगताना त्याला घाम फुटला. पोरगा गव्हाच्या रंगाच्या केसांचा, आडव्या हाडाचा, नेब्रास्कातल्या शेतकऱ्याचा. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे शनिवारी सगळे गप्प झाले ते त्यामुळे होय? मला वाटलं माझी चड्डी फाटली."

एम्ब्रिकनं घाम पुसला. "तुझी हरकत असेल तर आत्ताच सांग. तुझं नाव आहे. तुझा हक्क आहे."

"घ्या हो त्याचं. इथं माझं कोण बसलंय ऐकायला? आई सहाशे मैलांवर." पोरगा बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. "फक्त एक करा. शेवटच्या शनिवारी एकदा माझं घ्या. मी आईला लिहून मोकळा झालोय की इथे कर्ण्यावरून माझं नाव घेतात नि सगळ्या गावाला ऐकू जातं. तिला खोटं लिहिलेलं मला पचत नाही."

"शेवटच्या शनिवारी. नक्की," एम्ब्रिक म्हणाला, आणि हात पुढे केला. पोरानं तो दाबला. तेवढ्यात बिगूल वाजला आणि तो पळत सुटला. वही एम्ब्रिकच्या कोटाच्या खिशातच राहिली.

पुढचे दोन सामने असे झाले की त्यांच्याबद्दल आमच्या गावात आजही कुणी बोलत नाही. सिसिलीत मेलेला पोरगा नॉर्डालच्या मैदानावर पळत होता. एका शनिवारी त्यानं अकरा यार्ड मारले, दुसऱ्या शनिवारी दोघांना अंगावर घेऊन गोलरेषा ओलांडली. कर्णा त्याचं नाव घ्यायचा, कोठार ते परत करायचं, आणि आम्ही आठशे माणसं मुकाट्यानं टाळ्या वाजवायचो. गप्प बसण्यात आमचा हात धरणारं गाव जवळपास नव्हतं. साप्ताहिकाच्या संपादकानं तर हद्द केली, बातमीत नावच घातलं नाही, 'सत्तावीस क्रमांकाचा खेळाडू' एवढंच छापलं. पाहुण्या संघाचे लोक यादी उलटीपालटी करून बघायचे आणि खांदे उडवायचे. गुन्हिल्ड तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसलेली असायची. तिच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला होता, खोटं कशाला सांगू. एम्ब्रिकला मात्र जेवण जाईना. दिवसा फलाटावर उभा असतानाही आपल्या तोंडून आता कुणाचं नाव निघेल याची त्याला धास्ती वाटायची.

शेवटच्या शनिवारी तो घरून निघतानाच घोकत निघाला. लुमीर कुसेरा, लुमीर कुसेरा. आजचा दिवस पोराचा, यात बदल नाही. पूर्वार्धात सत्तावीस नंबरकडे चेंडू फारसा आलाच नाही, आला तेव्हा एम्ब्रिकनं नुसता आकडा सांगितला. नाव त्यानं राखून ठेवलं होतं, चांगल्या पळण्यासाठी. शेवटची चार मिनिटं उरली आणि ते पळणं आलं. पोरानं चेंडू घेतला, खांदा टाकला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला आडवं केलं आणि चाळीस यार्ड मोकळ्या गवतावरून एकटा धावत रेषेपार गेला.

सगळी बाकं उभी राहिली. एम्ब्रिकनं श्वास भरून घेतला. आणि खाली बघितलं. तिसऱ्या रांगेत गुन्हिल्ड मैदानाकडे पाठ करून उभी होती. ती वर माचाणाकडे बघत होती, सरळ त्याच्या तोंडाकडे. तिसरी वेळ. शेवटची.

"अर्लिंग टॉलेफसन!" तो म्हणाला.

रेषेपलीकडे सत्तावीस नंबर चेंडू धरून उभा होता. त्याचंही डोकं वर होतं, त्याचेही कान लागलेले होते. नाव कोठारावरून परत येईपर्यंत तो तसाच थांबला. मग त्यानं माचाणाकडे बघून एक हात वर केला, शेजाऱ्याला रस्त्यात करतात तसा, आणि आपल्या लोकांत मिसळून गेला.

तो वर केलेला हात एम्ब्रिकच्या डोळ्यांपुढून हलला नाही. शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटायचं.

पुढच्याच आठवड्यात गुन्हिल्डनं पाद्र्यांना घरी बोलावलं आणि स्मरणाची प्रार्थना ठेवली. सगळं गाव गेलं. ती रडली, जेवली, लोकांना वाढलं. म्हणजे जे झालं त्याचा कुणाला काहीच उपयोग झाला नाही असंही म्हणता येत नाही. एम्ब्रिकनं त्यावरच मनाची समजूत घालायचा प्रयत्न केला.

फेब्रुवारीत नौदलाच्या पोरांची एक तुकडी पूर्व किनाऱ्याकडे निघाली. फलाटावर बर्फ होता. सत्तावीस नंबर खांद्यावर पिशवी टाकून समोर आला, तेव्हा एम्ब्रिक त्याच्याजवळ गेला.

"त्या दिवशी... मी घ्यायला निघालो होतो. खरंच."

"जाऊ द्या हो. मी आईला लिहिलं की घेतलंत. आता तुम्ही ते खोटं पाडू नका," पोरगा हसून म्हणाला. "परत येईन तेव्हा घ्या." शिट्टी झाली. एम्ब्रिकनं गाडी पुकारली, एकेक गाव एका दमात, एकही न चुकता.

चव्वेचाळीसमध्ये संघ उभाच राहिला नाही. मैदानावर गवत गुडघ्याएवढं झालं. कर्णे काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पश्चिमेचा वारा सुटला की ते घुमायचे. गुन्हिल्ड म्हणायची वारा आहे. एम्ब्रिक त्या बाजूनं जायचंच टाळायचा. त्याला त्या घुमण्यात कुणीतरी नाव घ्यायला तोंड उघडल्यासारखं वाटायचं, आणि नाव काही यायचं नाही.

युद्ध संपलं. पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात दुपारच्या गाडीतून एक बाई उतरली. काळी हॅट, पुठ्ठ्याची पेटी, हातात फडक्यात बांधलेला डबा. ती थेट खिडकीशी आली.

"कर्ण्यावर नावं घेणारे गृहस्थ कुठं भेटतील?"

"मीच तो, बाई."

"मी लुमीरची आई. रोझालिया." तिनं डबा खिडकीत ठेवला. "खसखशीचे पाव आहेत. शिळे झाले असतील, दोन दिवसांचा प्रवास. लुमीर गेला. जपानजवळ, ओकिनावाच्या लढाईत, एप्रिलमध्ये. बोटीवर होता."

एम्ब्रिकच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली. ती उचलायला तो वाकला आणि बराच वेळ खालीच राहिला. नेब्रास्काची तार नेब्रास्काच्या स्टेशनमास्तरानं उतरवली होती. इथं कुणाला कळणार?

"त्याच्या पत्रात तुमचाच विषय," ती सांगत होती. "'आई, तो माणूस माझं नाव घेतो तेव्हा गावाबाहेरचं कोठारसुद्धा माझं नाव घेतं.' मला बाकी काही नको हो. मैदान बघायचंय आणि एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. तो ऐकायचा तसं. मग संध्याकाळच्या गाडीनं जाईन."

सांगून टाकायची हीच वेळ होती. एम्ब्रिकनं तोंड उघडलंही. पण फलाटावरचं पोराचं बोलणं आठवलं, आता तुम्ही ते खोटं पाडू नका, आणि त्या आडोशाला तो जाऊन लपला. खरं सांगायचं तर तो घाबरला.

त्यानं तिला मैदानावर नेलं. ती बाकांवर चढली आणि कुणी न सांगता तिसऱ्या रांगेत बसली. एम्ब्रिक माचाणावर गेला, तारा जोडल्या, धूळ फुंकली. लाउडस्पीकरचं यंत्र तापेपर्यंत कर्णे खरखरले. त्याला वाटलं, निदान आता तरी पोराचं देणं फिटतंय. त्यानं छाती भरून घेतली.

"चेंडू नेणारा नंबर सत्तावीस, लुमीर कुसेरा!"

"कुसेरा," कोठार म्हणालं.

बाई हलली नाही. एम्ब्रिक खाली उतरून तिच्यापाशी आला. ती समोर बघत होती.

"कुचेरा," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही.

"आमच्या बोलीत त्या इंग्रजी 'सी' अक्षराला 'च' म्हणतात. कुचेरा. शाळेत मास्तर चुकले की लुमीर उभा राहून दुरुस्त करायचा. पाद्री चुकले तर भर प्रार्थनेत. मार खायचा, पण राहवत नसे त्याला. तुम्ही एकदा जरी चुकीचं घेतलं असतंत, तरी सामना संपल्यावर माचाणावर चढून आला असता." ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही कधी घेतलंच नाही."

एम्ब्रिक खालच्या बाकावर बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. तार, फाटक, घसरलेली जीभ, शेवटचा शनिवार, तो वर केलेला हात. वहीचंही सांगितलं, जी खिशात होती आणि बाहेर निघाली नाही. इतका हळू बोलत होता की तिला वाकून ऐकावं लागलं.

"ती बाई जिवंत आहे?" तिनं विचारलं.

त्यानं बोट दाखवलं. कर्ण्याचा आवाज ऐकून गुन्हिल्ड ओले कपडे हातात तसेच धरून कुंपणापाशी आली होती. संघ नाही, सामना नाही, मग नाव कुणाचं, हे बघायला. दोघी बायकांनी लांबून एकमेकींकडे बघितलं. काय ते गुन्हिल्डला समजलं असावं, कारण तिनं कपडे गवतावर ठेवले आणि डोक्याचा रुमाल काढला.

"किती शनिवार होते?" रोझालियानं विचारलं.

"चार."

"मग चारदा घ्या. आधी इथे म्हणून दाखवा. चे."

"चे."

"दात लावून. चे."

"कुचेरा," स्टेशनमास्तर म्हणाला. तिनं त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि मान हलवली.

तो वर गेला. पहिल्यांदा घेतलं तेव्हा कोठारानं नाव जसंच्या तसं परत दिलं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा दुकानांतून माणसं बाहेर आली. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. चौथ्यांदा, "लुमीर कुचेरा, चाळीस यार्ड," एवढं त्यानं म्हटलं आणि माइक बंद केला.

मग ती तिसऱ्या रांगेतून आणि तो माचाणावरून, दोघंही पलीकडच्या रेषेकडे बघत थांबले. गवत वाढलेलं होतं. हात वर करायला तिथं कुणी नव्हतं.